पाट्या वाचणारी मुलगी

एकदा केस कापायला गेलो होतो. मानेभोवती कापड गुंडाळलेलं, दोन्ही हात आत अडकलेले, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या मोबाइलमधून माझी मुलगी बोलायला लागली. "दू-ध सं-प-ले आ-हे." पाच वर्षांची, एकेक अक्षर सुटं करून म्हणणारी. मग बासरी सुरू झाली. बासरीनंतर काय येतं ते मला पाठ होतं, त्यामुळे मी कापडाखाली मुठी आवळून बसलो. माझी खरी मुलगी तेव्हा तिशीला टेकली होती आणि हिंजवडीत एका कंपनीत नोकरी करत होती.

"काय पोरगी आहे राव," शेजारचा म्हणाला. "बापाला कशी नेतीय बघा."

"जुना व्हिडिओ आहे तो," केस कापणारा म्हणाला. "पण कधीही बघा, गलबलून येतं."

दोघांनीही मला ओळखलं नाही. त्या व्हिडिओतला बाप काळ्या केसांचा आणि गॉगलवाला आहे, असं मला लोकांनी सांगितलंय. मी स्वतः तो कधी पाहिलेला नाही. साऱ्या पुण्यानं मला ज्या रूपात पाहिलं ते मला ऐकूनच माहीत आहे.

झालं होतं ते असं. माझी दृष्टी कॉलेज संपता संपता गेली. त्याआधीची वीस-बावीस वर्षं मी सदाशिव पेठेत डोळसपणे काढली होती, त्यामुळे गल्ल्या, वळणं, कुठल्या दारावर कुठली पाटी, हे सगळं डोक्यात पक्कं होतं. पुढे मी एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो, लग्न झालं, मुलगी झाली. बायको एका खाजगी दवाखान्यात नर्स होती आणि तिची पाळी सकाळी लवकर सुरू व्हायची. म्हणून मुलीची वेणी घालणं, डबा भरणं आणि तिला शाळेत पोचवणं, ही कामं माझी. वेणी वाकडी व्हायची, पण शाळेला उशीर कधी झाला नाही.

मी तिला शाळेत नेत होतो. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे, कारण पुढची सगळी वर्षं माझी मारामारी या एका वाक्यासाठी झाली.

उजव्या हातात काठी, डाव्या हातात तिचा हात, ती भिंतीच्या बाजूला आणि मी रहदारीच्या बाजूला. पिठाची गिरणी आली की वळायचं, खानावळीतली फोडणी नाकात गेली की थांबायचं, कारण पुढच्या क्लासमधून सुटलेली पोरं स्कूटरी बेफाम काढायची. ती माझ्या हाताला लोंबकळत, उड्या मारत, मागे रेंगाळत यायची. तिला ओढत न्यावं लागायचं. ते ओढणं मला फार आवडायचं.

शाळेत तेव्हा तिची अक्षरं चालू होती. मी तिला रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावायचो. आमच्या पेठेत पाट्यांना काय तोटा! "दूध संपले आहे. विचारू नये." "जिन्यात सायकल ठेवणाऱ्याने हवा स्वतः भरून घ्यावी." मी काठीनं कोपरा ओळखायचो आणि म्हणायचो, "हं, इथली वाच." ती अडखळली की मी दुरुस्त करायचो. मला त्या सगळ्या तोंडपाठ होत्या. तिला वाटायचं बाबांना दिसतं आणि ते दिसत नसल्याचं नाटक करतात. एकदा तिनं शाळेत बाईंना तसं सांगितलंही होतं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

एक गोष्ट मात्र खरी, आणि ती सांगितली पाहिजे. त्याच काळात नव्या पाट्या येत होत्या. किराणा दुकान जाऊन तिथे फोन बूथ यायचा, शिवणकाम जाऊन संगणक वर्ग. नवी पाटी आली की ती ओरडायची, "बाबा, ही नवी!" आणि ती पाटी मी तिच्याकडून ऐकायचो. तिनं मला शिकवणं आणि मी तिला शिकवणं असं दोन्ही त्या वाटेवर व्हायचं. बाप-लेकीत असतं तसंच.

मग केबलवाले आले. घरोघर केबल पोचली होती आणि गावात एक स्थानिक वाहिनी निघाली होती. त्यांना संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी माणसं हवी असायची. बँकेतल्या कुणीतरी माझं नाव सुचवलं. एक तरुण बाई आणि तिच्याबरोबर कॅमेरावाला असे दोघं आले. बाई बोलायला गोड होती. तिनं मला तासभर प्रश्न विचारले. बोर्डावर शंभर लायनी कशा सांभाळतो, गिऱ्हाईक नुसत्या श्वासावरून कसं ओळखतो, बँकेत संगणक येणार म्हणतात तर माझं काय होणार, हे सगळं मी रंगून सांगितलं. संगणक बोलायला लागलेत असं मी ऐकलं होतं आणि ते शिकायची माझी फार इच्छा होती. तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आम्ही शाळेत जाताना हवे होतो.

"सर, गॉगल आहे का?"

"आहे. ऊन असलं की घालतो."

"आज घाला ना. कॅमेऱ्यात बरं दिसतं."

घातला. मग तिनं सांगितलं की मुलगी भिंतीच्या बाजूला असल्यामुळे तिचा चेहराच येत नाहीये, तुमच्या आड जातोय. तिला जरा पुढे घ्या. आता कुठल्या बापाला आपली मुलगी टीव्हीवर दिसू नये असं वाटेल? आदल्या रात्री बायकोनं तिच्यासाठी फ्रॉकला इस्त्री करून ठेवलेली. मी तिला पुढे घेतलं. मग कॅमेरावाला म्हणाला, काठी मध्येमध्ये येतेय, एवढा तुकडा बिनकाठीचं चालाल का? रस्ता तर तुमच्या पायाखालचा आहे. मी काठी मिटून पिशवीत टाकली.

दृष्टी गेल्यापासून काठीशिवाय मी त्या रस्त्यावर कधी चाललो नव्हतो. गिरणीपुढे कुणीतरी वाळू टाकलेली होती. पाय घसरला, मी तिच्या खांद्यावर भार दिला, ती कळवळून "बाबा!" म्हणाली. कॅमेरावाला म्हणाला, "छान."

ते "छान" मला तेव्हाच समजायला हवं होतं असं लोक म्हणतात. म्हणू देत. त्या धंद्यातला मी नव्हतो, ते होते.

कार्यक्रम लागला तेव्हा आमच्या घरात शेजारीपाजारी जमलेले. मी पुढे बसलो होतो. आधी नुसती बासरी. मग मुलीचा आवाज, "दू-ध सं-प-ले आ-हे." मग कुणा बाईचा भरून आलेला आवाज: "ही चिमुरडी म्हणजे तिच्या बाबांचे डोळे. बाहेरचं जग ती त्यांना वाचून दाखवते." मग तिची "बाबा!" अशी कळवळून मारलेली हाक. मग पुन्हा बासरी. माझा एक शब्दही नव्हता. बँक नव्हती, बोर्ड नव्हता, बोलणारा संगणक नव्हता. मी चुकीचं अक्षर दुरुस्त करतो ते सगळं कापून टाकलेलं. ती वाचते आणि मी ऐकतो, एवढंच ठेवलेलं.

संपल्यावर खोलीत सगळे नाकं ओढत होते. मी बायकोला विचारलं, "कसं होतं?"

ती म्हणाली, "अहो, फ्रॉक छान दिसला." आणि आत निघून गेली.

मी दुसऱ्या दिवशी वाहिनीला फोन लावला. ती बाई आनंदानं फुलली होती. "काका, किती फोन आलेत माहितीये? लोक ढसाढसा रडलेत."

"लोक रडले म्हणून मी काय करू? पेढे वाटू?"

"म्हणजे?"

"मी तिला शाळेत नेतो. ती मला नाही नेत. हे तुम्ही उलटं दाखवलंत."

"काका, पण आम्ही खोटं काहीच दाखवलं नाहीये. जसं चाललात तसंच आहे."

जसं चाललो तसंच होतं ते. मला त्यांनी तसं चालायला लावलं होतं, हे कॅमेऱ्यात कुठे येतं?

खरा फटका मला रस्त्यावर बसला. तो सोमवार होता बहुतेक. आम्ही निघालो आणि मुलीनं माझा हात धरला. धरला, म्हणजे घट्ट धरला. मुलं हात देतात. तिनं त्या दिवशी माझा घेतला. ती उड्या मारत नव्हती. माझ्यापुढे अर्धं पाऊल चालत होती आणि दर थोड्या वेळानं मोठ्या माणसासारखं बजावत होती, "बाबा, खड्डा. बाबा, सावकाश." गिरणी आली. मी म्हणालो, "हं, इथली वाच." तिनं वाचली. मी एक काना दुरुस्त केला. ती थांबली आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, "असू दे बाबा. तुम्हाला दिसत नाही ना."

त्या रस्त्यावर माझ्याबरोबर टीव्हीतली मुलगी चालत होती. माझी रेंगाळणारी, लोंबकळणारी पोर कुठे गेली ते मला कळेना. शाळेच्या दारात कुणीतरी बाई तिला म्हणाल्या, "आलीस का बाबांना घेऊन? शहाणी ग बाई माझी." आणि ती "हो" म्हणाली.

त्या वर्षी शाळेची सहल कात्रजला सापांच्या बागेत गेली. साप म्हटलं की ती वेडी व्हायची. आठवडाभर आधीपासून घरात फूत्कार चालले असते. पण तिनं नाव दिलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मग तुम्हाला परत घरी कोण नेणार?" बायकोनं रजा काढते म्हणून सांगितलं, मी रागावलो, लाडीगोडी लावली. ती गेली नाही. आम्ही दोघं त्या दिवशी घरी बसून होतो आणि ती दर थोड्या वेळानं मला पाणी आणून देत होती.

मी पुष्कळ झगडलो. वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, ते काटछाट होऊन "एका अंध पित्याचे मनोगत" म्हणून छापून आलं. शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुमचा स्वाभिमान आम्हाला कळतो." मी स्वाभिमानाबद्दल बोलतच नव्हतो. मी माझ्या मुलीबद्दल बोलत होतो. पण आंधळ्या माणसानं तक्रार केली की ती स्वाभिमानाचीच असते, असं एक ठरून गेलेलं आहे. दया करायची नाही म्हणता, बरं, मग कौतुक घ्या! तिसरं काही त्यांच्या दुकानात मिळतच नाही.

आणि ती फीत मरेना. गणपतीत मंडळानं पडद्यावर लावली. दरवर्षी अपंग दिन आला की वाहिनी ती पुन्हा काढायची. बुधवार पेठेत मी हेडफोन घ्यायला गेलो होतो, तर दुकानातल्या भिंतभर टीव्हींमधून एकाच वेळी ती म्हणाली, "दू-ध सं-प-ले आ-हे." तेव्हा खरी ती शेजारी उभी होती, बारावीच्या क्लासची बॅग घेऊन. मी तिचा हात दाबला. ती हसून म्हणाली, "ऐका, मी." मला मात्र वाटलं, ती छोटी कुठेतरी अडकून पडली आहे आणि रोज तीच वाट चालते आहे, मिटलेली काठी पिशवीत घेतलेल्या माणसाला ओढत. हा विचार पुढे मला फार छळू लागला. रस्त्यात लहान मुलाचा आवाज आला की मी दचकायचो.

दरम्यान बाकीचं आयुष्य चाललं होतं. बँकेत थेट फोन आले, बोर्ड गेला, मी बोलणारा संगणक शिकलो आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींच्या विभागात निवृत्तीपर्यंत ऐटीत बसलो. हे कुणी चित्रित करायला आलं नाही. मुलगी इंजिनियर झाली. तिला नोकरी हिंजवडीला लागली. मग बायको आजारी पडली आणि वर्षाच्या आत गेली. शाळेच्या दिवसांत सकाळी आम्ही कसे निघायचो, कोण कुणाला ओढायचं, हे खिडकीतून, पाळी नसली की, पाहिलेलं घरचं माणूस तेवढं एकच होतं.

फीत मोबाइलवर फिरायला लागली ती त्यानंतर. आता बासरीखाली कुणी हिंदीत चार ओळी टाकल्या होत्या. माझ्या बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यानं ती मलाच पाठवली, "जरूर बघा" म्हणून.

मुलीला कंपनीनं अमेरिकेला जायची संधी दिली तेव्हा ती नाही म्हणाली. मला तिनं सांगितलंही नाही; तिच्या मैत्रिणीच्या तोंडून कळलं. संध्याकाळी ती आल्यावर मी विषय काढला.

"बाबा, इंपॉसिबल आहे. तुम्हाला कोण बघणार?"

"मला बघायला काय झालंय? स्वयंपाक मी करतो, बाजार मी करतो. तुझे मोजेसुद्धा मीच शोधून देतो."

"ते ठीक आहे हो. पण लहानपणापासून मीच नेतेय ना तुम्हाला."

मी हातातलं काम खाली ठेवलं. इतकी वर्षं मी हे वाहिनीला, शाळेला, पेपरला सांगितलं होतं, तिला समोर बसवून कधी सांगितलं नव्हतं. वाटायचं, तिला तर माहीतच आहे. ती तिथे होती. आता मी सांगितलं. काठी कुठल्या हातात असायची, ती कुठल्या बाजूला असायची, कॅमेऱ्यासाठी काय काय बदललं, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हो बाबा." अगदी मऊ आवाजात, तापातल्या माणसाला म्हणतात तसं.

"हो बाबा काय? तुला आठवत नाही?"

"मला आठवतं ना. मी पुढे, तुम्ही मागे. गिरणीपाशी तुम्ही पडत होतात, मी सावरलं. आणि मी तुम्हाला पाट्या वाचून दाखवायचे."

"बरं. मग तुला वाचायला कोणी शिकवलं?"

"आईनं," ती म्हणाली. क्षणभरही थांबली नाही. "दुसरं कोण शिकवणार?"

मी खाली जाऊन तळमजल्यावरच्या किराणावाल्याला वर घेऊन आलो. तो जुना माणूस, रोज आम्हाला जाताना बघायचा. म्हटलं, तुम्ही सांगा हिला. तो म्हणाला, "सांगायचं काय त्यात? डोळ्यापुढे आहे अजून. एवढीशी होती, पण बाबांना कशी जपून घेऊन जायची!" मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तो गेल्यावर मला राग आवरेना. मी तिला म्हणालो की हे सगळं खोटं आहे, त्या लोकांनी तुझ्या डोक्यात घातलेलं आहे, आणि त्या खोट्यापायी तू आधी साप सोडलेस आणि आता अमेरिका सोडते आहेस.

ती रडायला लागली. मला वाटलं, पटलं.

"बाबा, असं नका ना करू," ती म्हणाली. "मी कशात पुढे होते कधी? शाळेत मधली, कॉलेजात मधली, ऑफिसातही कुणाच्या लक्षात येत नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे हे एकच आहे. लहान असताना मी माझ्या बाबांचे डोळे होते. आई गेली तेव्हासुद्धा मी यावरच उभी राहिले. तेही तुम्ही काढून घेताय?"

मी जिभेनं तिखट माणूस आहे. बँकेत मॅनेजरला, वाहिनीला, मुख्याध्यापिकेला मी उत्तरं दिलेली आहेत. तिच्यापुढे मी फक्त तिचा हात चाचपून धरला. इतकी वर्षं मी माझी गेलेली गोष्ट परत मागत फिरत होतो आणि तिनं त्याच गोष्टीवर आपलं घर बांधलेलं होतं. मी ती ओढली तर ते घर पडणार होतं. नाही ओढली तर ती जन्मभर या दोन खोल्यांत मला पाणी आणून देत बसणार होती. मला तिला घालवायचं होतं. तेवढं एकच मला स्पष्ट कळत होतं.

"नाही ग," मी म्हणालो. "काढून कसं घेईन? खरंच आहे ते. तूच न्यायचीस मला."

ती हुंदके द्यायची थांबली.

"वाळूत पडत होतो तेव्हा तू सावरलंस. मला लाज वाटायची, म्हणून उलटं बोलत आलो. पुष्कळ नेलंस तू मला. आता मला रस्ता पाठ झालाय. तुझं काम झालं. जा."

"खरंच?" ती म्हणाली.

"खरंच," मी म्हणालो.

ती गेली. तिथे तिचं बरं चाललं आहे. मध्ये व्हिडिओ कॉलवर तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. "अंकल, हिनं सगळं सांगितलंय आम्हाला. फाइव्ह इयर्सची होती आणि तुम्हाला हात धरून न्यायची. सो स्वीट!" मी म्हणालो, "हो, फार सांभाळायची." पलीकडे ती खूश होऊन हसली.

आता कुणीही विचारलं तरी मी असंच सांगतो. खरं काय ते इथे लिहून ठेवलं आहे, तेही बिनधास्त. ती हे वाचणार नाही. मराठी वाचणं तिचं केव्हाच सुटलं आहे.